मामाच्या गावातलं पडकं हेमाडपंती देऊळ: जेसीबी लावू द्यावा का?

पऱ्हाटीवाला:
राम राम मंडळी. दिवाळीत मामाकडे गेलो होतो, दारव्हा तालुक्यात. गावापासून दोन वावरं ओलांडली की नाल्याच्या काठी एक पडकं देऊळ आहे. लहानपणी तिथं बोरं खायला जायचो. तेव्हा पिंड होती, आता नाही. गाभाऱ्यात कंबरभर खड्डा आहे, गुप्तधनाच्या नादात कोणीतरी रात्रीतून खणलेला. आत वटवाघळांचा वास इतका, की डोळे चुरचुरतात. शिखर नाहीच, त्या जागी पिंपळ. मंडपाचे चार खांब उभे आहेत, बाकीचे तुरीत आडवे. एक तर मामाच्या धुऱ्यात रचलाय. उभ्या खांबांना कमरेच्या उंचीवर आरशासारखी चकाकी आहे. मला वाटलं, काय कारागिरी! मामा म्हणे, "कायची कारागिरी, ढोरं आंग घासतेत तिथं."

आता गावातल्या पोट्ट्यांनी वर्गणी काढलीये. जेसीबीनं मलबा साफ करायचा, खांबांना ऑइलपेंट, खाली टाइल्स. मन चांगलं आहे त्यांचं, पण मला धाकधूक होतेय. काय सांगू त्यांना? आणि पिंपळाचं काय करायचं?

दगडधोंडे:
जेसीबी आधी थांबवा, बाकीचं नंतर वाचा. ही देवळं चुन्याशिवाय रचलेली असतात. दगडाला खाच पाडून तो दुसऱ्यात बसवायचा आणि वरच्या वजनानं सगळं दाबून धरायचं. शिखर गेल्यामुळे ते वजन आधीच कमी झालंय. एका बाजूनं धक्का बसला तर उभे चार खांबही तुरीत जातील. पडलेला दगड जिथं पडला तिथंच राहू द्या, नंबर टाकून फोटो काढा. कोणता दगड कुठून निखळला, हे त्याच्या जागेवरूनच कळतं.
ऑइलपेंट नको. दगडातली ओल आत कोंडते आणि रंगासोबत नक्षीचे पोपडे निघतात. ॲसिड नको, तारेचा ब्रश नको. साधं पाणी आणि काथ्या पुरे.
पिंपळ ओढून काढू नका, मुळांसोबत भिंत येईल. फांद्या छाटून वजन कमी करा, खोडाचं काम जाणकारासमोरच.
अजून एक, "हेमाद्रीने बांधले" असा बोर्ड लावू नका. हेमाद्री म्हणजेच हेमाडपंत, तेराव्या शतकातला, यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री. आपल्याकडची बरीच "हेमाडपंती" देवळं त्याच्या जन्माआधीची आहेत.

वऱ्हाडी बुढा:
राजेहो, गुप्तधन कोनाले सापडलं आजवर? आमच्या गावात तिघांनी नंदीखाली खनलं. सापडला इच्चू. एकाले चावला बी. आन् सापडलंच असतं तरी १८७८ चा कायदा हाये, दहा रुपयाच्या वर काही निंगालं तं कलेक्टरले कळवा लागते. खड्डा मातीनं बुजवा बाप्पा, नाही तं पानी साचून पाया खचते. पन आंधी फोटो काढजा.

पूर्णाकाठ:
देऊळ संरक्षित आहे का ते पाहिलं? केंद्राच्या यादीत असेल तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर परवानगी लागते. राज्याची यादी वेगळी, तीही बघा. दोन्हीत नसलं तरी ग्रामसभेचा ठराव आणि फोटो जोडून राज्याच्या पुरातत्त्व खात्याला अर्ज द्या. उत्तराची वाट बघत बसू नका, पोच मात्र घ्या.
आणि त्या पोरांना एकदा दर्यापूर तालुक्यातल्या लासूरला घेऊन जा. आनंदेश्वराचा मंडप मधोमध आभाळाला उघडा आहे, रंगाचं बोट नाही, टाइल्स नाहीत. दुपारी खांबांवर ऊन सरकतं ते बघून आमच्याकडचे रंगवाले गप्प झाले होते.

पऱ्हाटीवाला:
सगळ्यांचे आभार. जेसीबी रद्द. दोघं रुसलेत, पेंटचे डबे आधीच आणले होते म्हणून. शाळेच्या गेटला लावा म्हटलं. काल आम्ही आठ जण खराटे आणि टोपली घेऊन गेलो. उंबऱ्यावर वीतभर शेण-माती बसलेली. पाणी मारत गेलो तसे आधी दोन बटबटीत डोळे दिसले, मग दात. कीर्तिमुख, म्हणजे दगडात कोरलेलं राक्षसी तोंड. मामा आयुष्यभर त्याच्यावरून ढोरं हाकत होता, तो चप्पल काढून बाजूला उभा राहिला.

खड्डा बुजवला, फोटो काढले, सोमवारी अर्ज देतो. पिंपळाच्या फांद्या तेवढ्या राहिल्यात. त्यावर मुंजा आहे म्हणे, कोणी कुऱ्हाड हातात धरायला तयार नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.