मदत हवी आहे: आरएसए सही करताना बोर्डातून किल्ली फुटू नये म्हणून

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट फेरीबोटीच्या पासचा: चोडण-रायबंदरसारख्या फेरीवर नेट नसलं तरी छोट्या बोर्डाने २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीने (गुप्त घातांकाने सही, जाहीर घातांकाने तपासणी) पासवर डिजिटल सही करायची. बोर्ड परक्या हातात पडू शकतो आणि सही करताना तो किती वेळ घेतो, किती वीज ओढतो हे कुणीही मोजू शकतं. नुसत्या वेळेवरून किल्ली काढता येते हे पॉल कोचर यांनी १९९६ मध्येच दाखवलंय.

म्हणून दर सहीला नवी यादृच्छिक संख्या 'र' घेतो. तिच्या जाहीर घातांकाइतक्या घाताने संदेशाला गुणतो, त्यावर गुप्त घातांक चालवतो आणि शेवटी 'र'च्या व्यस्ताने गुणून 'र' काढून टाकतो. वेगासाठी हिशोब 'प' आणि 'क' या दोन गुप्त मूळ संख्यांत (त्यांचा गुणाकार म्हणजे जाहीर 'न') वेगळा करून चिनी शेष प्रमेयाने जोडतो. 'प'कडच्या घातांकात (प−१)ची यादृच्छिक पट मिळवतो, 'क'कडे (क−१)ची. उत्तर तेच, विजेचा आलेख दर वेळी निराळा.

अडलोय ते पुढे. व्होल्टेजचा झटका देऊन एकाच अर्ध्या हिशोबात चूक घडवली, तर चुकीच्या सहीचा जाहीर घात वजा संदेश, याचा आणि 'न'चा मसावि काढला की मूळ संख्याच हाती येते. बोने, डिमिलो आणि लिप्टन यांच्या हल्ल्याचं लेन्स्ट्रा यांनी सुधारलेलं हे रूप 'र'ने थांबत नाही. शामीर यांचा उपाय करून पाहिला: 'त' ही छोटी यादृच्छिक संख्या घेऊन मॉड्युलो प×त आणि क×त (म्हणजे त्यांनी भागून उरणाऱ्या बाकीत) हिशोब करून दोन्हींची 'त'ने बाकी जुळवायची. पण नंतर जोडताना झालेली चूक त्यात सापडत नाही.

त्यापेक्षा सही बाहेर सोडण्याआधी जाहीर घातांकाने, म्हणजे ६५५३७ने, तपासली तर पुरेल का? १६ वर्ग आणि एक गुणाकार, एवढाच खर्च. दुसरं, 'र'चा व्यस्त युक्लिडच्या रीतीने काढताना भागाकारांच्या पायऱ्या आलेखात दिसतात. त्या कशा झाकायच्या?

प्रतिसाद १:
तपासणी ६५५३७नेच करा, जोडणीसुद्धा तिच्यात येते. मात्र मूळ संदेशाची प्रत सुरुवातीलाच वेगळी ठेवा आणि तिच्याशीच ताडून पाहा. तुलना कोडमधल्या एकाच 'इफ' अटीवर सोडू नका, दुसऱ्या झटक्याने तीच ओळ गाळता येते. व्यस्तासाठी आणखी एक यादृच्छिक 'ट' घ्या. र×ट चा व्यस्त काढून त्याला 'ट'ने गुणा, 'र'चा व्यस्त मिळेल. युक्लिडच्या पायऱ्या दिसल्या तरी त्या र×ट च्या, 'र'च्या नव्हेत.

प्रतिसाद २ (धागाकर्ता):
'ट'ची युक्ती सुचलीच नव्हती, देव बरें करूं! आज रात्रीच बसवतो. 'ट' दर सहीला नवा घ्यायचा ना?

प्रतिसाद ३:
हो, दर वेळी नवा.