रक्तदाबासाठी चिनी वनौषधींचे सूप: गोळ्यांबरोबर चालेल का?

धागाकर्ती, हाँगकाँग
माझे सासरे (वय ६८) रक्तदाबासाठी रोज अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन घेतात आणि सध्या पुण्याहून आमच्याकडे राहायला आले आहेत. शेजारच्या कँटोनीज आजींनी शेउंग वानमधील औषधी दुकानातून आणलेली तू-चुंग या चिनी झाडाची साल व थिएनमा या औषधी कंदाचे काप त्यांच्यासाठी मोठ्या मायेने दिले असून, ते मंद आचेवर दोन-तीन तास उकळून सूप करावे असे सांगितले आहे. आम्ही शाकाहारी आहोत. हाडांऐवजी शेंगदाणे, शिताके अळंबी आणि सुकी लाल बोरे घालून ते करता येईल का, आणि गोळ्यांबरोबर चालेल का, हे कृपया सांगावे.

ग्वांगचौला राहिलेला
शाकाहारी सूप चांगले होते. शेंगदाण्यांमुळे त्याला दाटपणा येतो. तू-चुंगचा तुकडा मोडून पाहावा, कारण साल अस्सल असेल तर दोन्ही भागांमध्ये रबरासारखे पांढरे चिवट धागे ताणले जातात. थिएनमा चीनमध्ये प्रामुख्याने डोकेदुखी आणि चक्कर यांवर देतात, आणि एरवी माशाच्या डोक्याबरोबर शिजवतात. मात्र या सुपांनी रक्तदाब भरवशाने उतरतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही, त्यामुळे एकही गोळी कमी करू नये.

निवृत्त फार्मासिस्ट
मला काळजी वाटते ती पुडीत न सांगता घातलेल्या गोष्टींची. चिनी मिश्रणांत चव जुळवण्यासाठी कान-त्साओ सर्रास घालतात, आणि ते म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचेच भावंड. त्यातील ग्लिसरायझिन मूत्रपिंडातील एका एंझाइमला रोखते, त्यामुळे कॉर्टिसॉलचा प्रभाव वाढतो, शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब उलट चढतो. मा-हुआंग ही वनौषधीही टाळावी, कारण तिच्यात रक्तदाब चढवणारे एफेड्रिन असते. फांग-ची नावाचे मूळ तर अनोळखी पुडीतून कधीच घेऊ नये: १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात त्याच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया ही मूत्रपिंडांना घातक वनस्पती आली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. प्रत्येक घटकाचे चिनी अक्षरांतील नाव दुकानातून लिहून घ्यावे आणि ती चिठ्ठी सासऱ्यांच्या डॉक्टरांना दाखवावी.

धागाकर्ती, हाँगकाँग
आभारी आहे. पुडीत कान-त्साओ निघाले. ते वेगळे काढले आहे. सुपात मिठाऐवजी लो-सोडियम मीठ वापरले तर चालेल का?

निवृत्त फार्मासिस्ट
डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते आणि टेल्मिसार्टनमुळे रक्तातील पोटॅशियम आधीच वाढू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, तेव्हा सूप अळणीच ठेवून वर आले व मिरपूड घालावी. सासऱ्यांना पाच मिनिटे शांत बसवून सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजावा आणि आकडे वहीत टिपावेत.