शब्दचर्चा : ‘इंटरफेस’ला ‘धुरा’ म्हणावं का?

प्रश्न
यवतमाळकडच्या एका कापसाच्या जिनिंगसाठी सॉफ्टवेअर लिहितो. काटा, पावती, चुकारा असं सारं एकाच गाठोड्यात होतं. आता वेगवेगळी पॅकेजेस करतोय. गावातली दोन पोरं सोबत शिकतात. असा प्रत्येक सुटा भाग, म्हणजे मॉड्यूल, हे एक वावर, हे त्यांना लगेच पटलं. इंटरफेसपाशी, म्हणजे दोन भागांनी एकमेकांशी देवघेव करायच्या ठरलेल्या जागेपाशी, अडलो. ‘आंतरपृष्ठ’ तोंडी बसत नाही, ‘संवादपटल’ म्हटलं की त्यांना स्क्रीनच दिसते. मला ‘धुरा’ सुचतो, म्हणजे दोन वावरांमधली हद्द. वावरात पऱ्हाटी घ्या नाहीतर सोयाबीन, शेजाऱ्याला विचारावं लागत नाही. धुरा मात्र वीतभरही एकट्याने सरकवता येत नाही. चालेल का?

उत्तर
भाऊ, पुण्याकडच्या वाचकाला आधी ‘पक्षाची धुरा’ आठवेल. पण ती धुरा स्त्रीलिंगी, आपला धुरा पुल्लिंगी. तिकडे ह्याला बांध म्हणतात. वाक्यात आला की उलगडेल. शंका वेगळीच आहे. धुरा अडवतो, आणि इंटरफेसमधून तर माहितीची ये-जा व्हायला हवी.

उत्तर
ताई, धुरा अडवते कुठी? पांदन चिखलानं बंद झाली का सारे धुऱ्यानंच वावरात जातेत. दुसऱ्याच्या पिकातून नाही जायचं, एवढंच.

उत्तर
पटलं. मग एक जोड देते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली हेच मांडलं होतं : कामाच्या पायऱ्यांप्रमाणे तुकडे पाडू नका, जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एका मॉड्यूलच्या आत झाकून ठेवा. म्हणजे नांगरणीचं एक, पेरणीचं एक असे भाग नाहीत. पीक बदललं तरी फरक ज्याच्या त्याच्या वावरातच राहावा.

प्रश्नकर्ता
ताई, हे आमच्यावर बेतलं होतं. काट्याचं पॅकेज वजन किलोत देत असे आणि चुकाऱ्याचं पॅकेज त्याला शंभराने भागून क्विंटल काढत असे. एकाने काट्यातच क्विंटल केले. नाव तेच, आकडाच दुसरा. २३४० किलो कापसाची ट्रॉली, पावतीवर ०.२३ क्विंटल! कास्तकार ती पावती दोन्ही हातांत धरून उभा होता, आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं. आवृत्तीच्या तीन आकड्यांपैकी शेवटचा तेवढा वाढवला होता, किरकोळ दुरुस्ती असावी तसा. जुनं वापरणाऱ्याचं काम मोडत असेल तर पहिला आकडा वाढवायचा असतो. जुनं तसंच ठेवून नवं जोडलं तर मधला.

ह्याला आम्ही आता ‘धुरा कोरला’ म्हणतो. शेजारी दर नांगरणीला नांगराचं एकेक तास आत सरकतो ना, तसं.

किलोचं ‘वजन’ पूर्ववत केलं, क्विंटलसाठी वेगळं नाव दिलं. नोंद धाकट्या पोराने लिहिली : ‘आवृत्ती २.४.०. क्विंटल जोडले. धुरा जागेवर.’