अंगणातली रोपं आणि फुलपाखरं: तुमचे अनुभव लिहा

गणपती गेले की ऑक्टोबर संपेपर्यंत मुंबईत फुलपाखरांची चंगळ असते. अंगण असो, तळमजल्याची पट्टी असो की नुसती खिडकीची ग्रिल; काय लावलंत, कोण आलं आणि रोप जगलं का, ते सांगा. मला शेवटच्या प्रश्नाचीच घाई आहे. लिंबाचं रोप यंदा जमिनीत लावलं, गुडघ्याएवढं आहे, आणि अळ्यांनी त्याचा पार खराटा केलाय.

मुलुंड, तळमजला
ताई, अळ्या लहान असतानाच उचलून मोठ्या कढीपत्त्यावर सोडा. लाइम आणि कॉमन मॉर्मन, दोन्ही फुलपाखरांच्या अळ्या आमच्याकडे त्यावर वाढल्यात. आधी पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसते ती अळीच असते, मग हिरवी होते. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी-लाल दुफाटा बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, "अगो, हिला शिंगं फुटली!"

चेंबूर
मी हलवत नाही. बहावा दोन वर्षांचा होता तेव्हा एमिग्रंट फुलपाखराच्या अळ्यांनी कोवळी पालवी साफ केली. पावसाळा होता, मुळं धरलेली होती, पुन्हा फुटला. पण त्याच वर्षी लावलेल्या रोपाला ही चैन परवडत नाही, तिथे मुलुंडकरांचंच ऐका. सोनचाफ्यावर टेल्ड जे फुलपाखरू येतं. सोसायटीच्या भिंतीलगतचा उंच अशोकही त्याला चालतो, म्हणून चाफ्यावरचा भार आपोआप कमी होतो.

बोरिवली, नॅशनल पार्कच्या बाजूला
आमच्या पपनसावर ब्लू मॉर्मन अंडी घालतं. २०१५ साली ते राज्य फुलपाखरू झालं, तेव्हापासून बाबा पाहुण्यांना चहाआधी झाड दाखवतात. फुलपाखरू मात्र पाहुण्यांसाठी थांबत नाही. जास्वंदीला धावती भेट देतं आणि कुंपणापलीकडे.

दादर, तिसरा मजला
अंगण नाही, पानफुटीच्या दोन कुंड्या आहेत. पानं पांढुरकी, पोकळ झाली म्हणून औषध आणायला निघाले होते. पान उजेडात धरलं तर आत अळी! रेड पिएरो फुलपाखराची अळी पानाच्या आतच गर खात राहते. औषध राहिलं.

विलेपार्ले
जुन्या आंब्यावरच्या बांडगुळावरून घरात दोन तट आहेत. काकांच्या मते ते झाडाचं रक्त पितं, आणि ते खोटं नाही. पण हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्याच्यावरच घोळक्याने वाढतात, फुलांवर शिंजीर पक्षी येतात. तोडगा निघाला: एका जुन्या फांदीवरचं राहू दिलं, बाकी काढलं. शेजारी लावलेल्या कलमावर मात्र एक कोंबही ठेवत नाही. फुलटोच्या पक्षी बी आणून चिकटवतोच, तेव्हा लक्ष ठेवावं लागतं.

मालाड, गावठाण
कुंपणाला रुई आणि खुळखुळा आपोआप उगवलेत. रुईवर प्लेन टायगरच्या अळ्या. खुळखुळ्याच्या सुकल्या काड्यांवर टायगर आणि क्रो फुलपाखरांचे नर चिकटून बसतात, तिथलं कडू रसायन त्यांना लागतं. श्रावणात टाकळ्याची भाजी आम्ही खातो, उरलेला टाकळा ग्रास यलो फुलपाखराच्या अळ्यांना. साफसफाईवाल्याला हे पटवणं अवघड. तण म्हणजे तण.

भांडुप
सगळेच गोड लिहितायत म्हणून सांगतो. आमच्या लिंबावरच्या कोषांतून बऱ्याचदा फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघतात. मुलगी रडली. आता तिला तेही बघायला आवडतं.

आणखी एक: नर्सरीतून आणलेलं रोप फवारलेलं असू शकतं. नवी पालवी येईपर्यंत त्यावर अळ्या हलवू नका. आणि डासांच्या धुराची गाडी यायची असेल त्या संध्याकाळी अळ्यांच्या कुंड्या घरात घ्या.