सातारा: शिफ्ट, घर आणि पहिली हाफ आयर्नमॅन, कसं बसवायचं?

यवतेश्वर_लूप (सातारा):
नमस्कार मंडळी. वय ३८, एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, घरी बायको (ती पण शिक्षिका), पोरगी दुसरीत, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळून झालीय, सायकल आहे, सुट्टीला वाईपर्यंत जाऊन येतो. आता गोव्याची हाफ आयर्नमॅन डोक्यात बसलीय, म्हणजे १.९ किमी समुद्रात पोहायचं, मग ९० किमी सायकल आणि वर २१.१ किमी पळायचं. घोडं अडतंय पोहण्यापाशी. आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलोय, त्यामुळे बुडत नाही एवढंच, दोन लेंथ (टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक) झाल्या की धाप लागते, आणि आता मे महिना, टँकवर सुट्टीतल्या पोरांची जत्रा, सरळ लेन मिळतच नाही. नेटवरचे प्लॅन बघितले तर आठवड्याला बारा-पंधरा तास, लिहिणाऱ्याने नाइट शिफ्ट कधी बघितलेली नसावी. माझे ताणून ताणून आठ तास निघतात. होईल का, का पुढच्या वर्षावर ढकलू?

घाटातला_गडी (सातारा):
होतंय की. आधी हिशोब बघा, शर्यत संपवायची मुदत साधारण साडेआठ तास असते आणि त्यात पोहण्याला जास्तीत जास्त १ तास १० मिनिटं. पोहायला १ तास, सायकल ताशी २४ ने धरली तर पावणेचार तास, पळणं पावणेतीन, कपडे-बूट बदलायला पंधरा मिनिटं, झाले पावणेआठ. पाऊण तास हातात राहतो राव, आणि तुम्हाला पहिलं यायचं नाहीये.

आता शिफ्टचं. सोमवार पोहणं, मंगळवार पळणं असला वारांचा तक्ता तुमच्यासाठी नाहीच, शिफ्टप्रमाणे आठवडे पाडा. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते, पोहणं आणि सायकल तिथं भरून घ्या. फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळचं पळणं आणि जमला तर टँक. नाइटच्या आठवड्यात निव्वळ हलकं पळणं, बाकी झोपा. नाइट करून थेट सायकलवर हायवेला जाणारे बघितलेत मी, डोळा लागला तर आयर्नमॅन राहिली बाजूला. आठ तास पुरतात, पण त्यातलं बरंचसं बोलत बोलत करता येईल इतकं सावकाश पाहिजे. आपल्याकडं काय होतंय, यवतेश्वरचा घाट दिसला की पोरं रोजच छाती फुटेस्तोवर चढवतात आणि मग गुडघा धरून बसतात. घाट आठवड्यातून एकदा बास.

सायकलवरून उतरून लगेच बूट बदलून पंधरा-वीस मिनिटं पळायचं, याला ब्रिक म्हणतात, हे पंधरवड्यातून एकदा तरी कराच. पहिल्यांदा पाय आपले वाटतच नाहीत. आणि फुलांच्या सीझनला शनिवार-रविवारी कास रोडला सायकल घेऊन जाऊ नका, पर्यटकांच्या गाड्या अंगावर येतात. पाऊस लागला की सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच पायडल मारायच्या स्टँडवर, लावून घरातच मारा.

कृष्णाकाठ_सांगली:
पोहण्याबद्दल मी सांगतो. विहिरीतलं पोहणं वाया जात नाही, पाण्याची भीती गेलेली असते ते लई मोठं काम आहे. पण विहिरीत मान वर काढून पोहायची सवय लागते, मान वर गेली की कंबर खाली जाते आणि सगळी ताकद स्वतःला ओढण्यात संपते. धाप लागते ती दम कमी म्हणून नाही बहुतेक, तुम्ही पाण्यात श्वास धरून ठेवत असणार. तोंड पाण्यात असताना नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहायचं आणि मान वळवली की फक्त आत घ्यायचा. पहिले पंधरा दिवस अंतर मोजूच नका, एक लेंथ, थांबा, परत एक लेंथ. २५ मीटरच्या टँकमध्ये १.९ किमी म्हणजे ७६ लेंथ, आणि १०० मीटरला ३ मिनिटं लागली तरी ५७ मिनिटांत बाहेर येताय. टँकवाल्याशी बोलून सकाळची पहिली बॅच घ्या, सुट्टीतली पोरं त्या वेळेला उठत नाहीत.

समुद्रात तळाला रेघ नसते, म्हणून दर सात-आठ हातांनी डोळे तेवढे पाण्यावर काढून पुढचा बोया (रस्ता दाखवणारा तरंगता फुगा) बघायचा, हे टँकमध्येच घोटा. गोव्याचं पाणी कोमट, २४.५ डिग्रीच्या वर वेटसूट चालत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात समुद्राचं नाव काढायचं नाही, धरण आणि नदीचं पण नाही. आमच्याकडं भिलवडी-औदुंबर पट्ट्यात कृष्णेत मगरी दिसतात, तिथं प्रॅक्टिस केली तर टायमिंग सुधारेल म्हणा 😄 पाऊस उघडला की एकदा कोकणात जाऊन या, ओळखीचं कोणीतरी सोबत आणि कमरेला फुगा बांधूनच.

वाईची_लेक:
आमच्या ह्यांनी केलीय, म्हणून लिहिते. तुम्ही प्रश्नात बायको कंसात टाकलीय आणि सासूबाईंचं ऑपरेशन एका ओळीत, तिथंच सगळं आलं. पाच तास सायकल मारल्याचा राग येत नाही हो. साडेअकराला घरी येऊन, ओला कॉस्च्युम बाथरूमच्या खिळ्याला, घामाचे कपडे बादलीत, ताटावर बसायचं आणि मग चार वाजेपर्यंत घोरायचं, राग त्याचा येतो. आमच्याकडं शेवटी ठरलं की पहाटे पावणेपाचला निघायचं, साडेनऊला घरात, कपडे स्वतः धुवायचे आणि त्या दिवशी पोरं ह्यांच्याकडं. दुपारी झोप नाही. महिन्यातला एक रविवार सायकल घराबाहेर काढायचीच नाही, तो माझा. आईंना व्यायामाला किंवा डॉक्टरकडं कोण नेणार ते पण फॉर्म भरायच्या आधी ठरवा. फी, गोव्यात राहणं, सायकल नेणं, सगळा आकडा बायकोला आधी सांगा, मागून कळला की महागात जातंय.

यवतेश्वर_लूप (सातारा):
ताई, धागा बायकोला दाखवला, ती तुमच्या उत्तरापाशी जरा जास्तच वेळ थांबली. रविवारचं मान्य, कपड्यांचं पण. आईचा व्यायाम रोज संध्याकाळी मीच घेणार, फर्स्टच्या आठवड्यातलं पळणं त्यानंतर. आता एक शेवटचं, ते ताकदीचं पाकिटातलं एनर्जी जेल लई महाग पडतंय, घरचं काही चालतं का सायकलवर?

घाटातला_गडी (सातारा):
चालतंय. तासाला साधारण ६० ग्रॅम कार्ब्स पोटात गेले पाहिजेत, मध्यम केळ्यात पंचवीसेक असतात. केळी, खजूर, राजगिरा लाडू बारीक करून पिशवीत. चिक्की नको, तोंड कोरडं पडलं की दाताला चिकटून बसते. बाटलीत लिंबू, साखर आणि मीठ, मीठ जरा हात सोडून, गोव्याच्या उकाड्यात लई घाम जातो. दर वीस मिनिटांनी घड्याळ बघून खायचं, भूक लागायची वाट बघितली की उशीर झाला. हे सगळं आत्ता मे महिन्यातच दुपारी कोरेगाव रोडला एकदा खाऊन बघा, कुठला लाडू पोटात टिकतो ते घरी यायच्या आत कळेल.