गाडीच्या मागून येणारा आवाज: तुमच्या गाडीत शेवटी काय निघालं?

कंदीपेढा (सातारा)
मंडळी, गाडी जुनी झाली की मागून काहीतरी वाजायला लागतं आणि मग जो भेटेल तो डॉक्टर होतो, म्हणून म्हटलं सगळ्यांचे अनुभव एका जागी येऊ देत. आवाज कसा होता, कधी यायचा आणि शेवटी काय सापडलं एवढं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. २०१० ची हॅचबॅक, १ लाख १८ हजार किमी. शाहूपुरीतनं राजवाड्याकडं जाताना वीसच्या स्पीडला बारीक खड्ड्यात मागून डावीकडं टक्-टक्, हायवेला मात्र गप्प. गंमत म्हणजे मिस्त्रीला ऐकवायला नेली, तो आणि त्याचा पोरगा मागच्या सीटवर बसले तर आवाज गायब! दोन चकरा मारल्या तरी काही नाही, पोरगा माझ्याकडं असा बघायला लागला की काकांच्याच कानात काहीतरी वाजतंय. तरी शेवटी मागचे दोन्ही शॉकअप बदलले, चार हजाराच्या वर गेले आणि घरी येताना पहिल्याच खड्ड्याला टक्-टक्.

भडंगवाला (मिरज)
आधी डिकी रिकामी करा, आणि रिकामी म्हणजे जॅक, पाना, स्टेपनी सगळं बाहेर. मी हसण्यावारी नेलं आणि चार महिने भोगलं. वळणावर गडगड आणि सरळ रस्त्याला खुळखुळ, मला वाटायचं मागचा अ‍ॅक्सलच सुटणार आता, बेअरिंग बघून झालं, बुश बघून झाले. एक दिवस पंक्चर झालं म्हणून स्टेपनी काढली तर खाली खळग्यात औदुंबरहून आणलेला प्रसादाचा नारळ! आत खोबरं वाळून गोटा सुटलेला, तो खुळखुळ वाजत होता. पंक्चरवाल्याच्या दुकानात फोडला आणि खाल्ला, चांगला लागला.

दुसरं, मागच्या सीटबेल्टचं बक्कल बघा, प्लास्टिकवर आपटतं. ते खोचून ठेवायचं.

आयर्विन_पूल (सांगली)
आमचं दुखणं पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गाडी दोन दिवस अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. पाणी उतरल्यावर इंजिन, वायरिंग, सीट सगळं बघितलं, मागच्या चाकांकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही कारण गाडी चालू झाली याचाच आनंद होता. पाच-सहा महिन्यांनी पन्नासच्या वर घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, स्पीड वाढेल तसा वाढणारा, सगळे म्हणाले टायर. टायर मागचे पुढं केले तरी आवाज मागंच, आणि रस्ता डांबरी असो की सिमेंटचा आवाजाचा सूर तोच, म्हणजे टायर नाही. डावीकडं वळताना वाढायचा, सगळं वजन उजव्या चाकावर जातं ना तेव्हा.

मग कुपवाडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं चाक जॅकवर उचललं, एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. मला म्हणाला हात लावा. राव, वाळू दळल्यासारखी खरखर हाताला लागत होती, कानाला काहीच नाही! बेअरिंग काढलं तर आतलं ग्रीस दुधाच्या चहासारखं झालेलं आणि गोळ्यांवर तांबूस डाग. दुसऱ्या बाजूचं पण काढायला लावलं, तेही त्याच वाटेवर होतं. पुरात उभी राहिलेली गाडी घेत असाल तर चारही चाकं उचलून फिरवून बघा एवढंच.

मेणवली_घाट (वाई)
सायलेन्सरचं रबर तुटलेलं. पसरणी चढताना दणदण. ६० रुपये.

ऊसकरी (कराड)
माझी गाडी मागच्या चाकावर चालणारी आहे, मागं पाट्यांच्या स्प्रिंगवाली, तिचं शास्त्र वेगळं. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टण्', रिव्हर्सला पुन्हा 'टण्' असेल तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडं जोर नेणाऱ्या लांब दांड्याचा, क्रॉस (सांधा) बघा. आणि सत्तरला कोंऽऽ करत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडून बघायचं, सोडल्यावर सूर बदलला तर डिफ्रन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा. माझ्यात पिनियनचं सील गळून ऑईल तळाला गेलं होतं. हाऊसिंगवर चिखलाचा थर एवढा की गळती दिसलीच नाही. आतले गिअर, क्राऊन-पिनियन, वाचले हे नशीब, नाहीतर त्या हंगामातली वाहतूक त्यातच गेली असती.

यवतेश्वर_ताई (सातारा)
माझा आवाज मागच्या सीटखालचा. मुलगा म्हणायचा आई सीटखाली भुंगा आहे, मी म्हटलं झोप आता. किल्ली फिरवली की इंजिन चालू व्हायच्या आधीच ऊंऽऽ, आणि कासला जाताना टाकी तळाला आली की जास्त. पेट्रोल पंप निघाला, म्हणजे गाडीतला हो. तो टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि पेट्रोलनंच थंड राहतो, हे मला तेव्हा कळलं. आम्ही कायम दोनशे रुपयांचं टाकणारे.

आणि हो, गाडी चालवणाऱ्याला मागचा आवाज नीट कळतच नाही. दुसऱ्याला चालवायला द्या आणि स्वतः मागं बसा. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून काचा खाली करून हळू जा, आवाज भिंतीवर आपटून परत येतो. बाहेरचा असेल तर तिथं मोठा ऐकू येतो, आतला असेल तर आहे तेवढाच राहतो.

द्राक्षबाग (तासगाव)
मागं ड्रम ब्रेक असणाऱ्यांसाठी: मोकळ्या रस्त्यावर दहाच्या स्पीडला हँडब्रेक एकच खटका ओढून बघा, आवाज बदलला की ड्रममध्ये काहीतरी आहे. माझ्यात ब्रेक लायनरची स्प्रिंग सुटलेली.

कंदीपेढा, तुमच्याबद्दल एक डोक्यात आलं. मिस्त्री आणि पोरगा मागं बसले की आवाज थांबतो ना, मग तोच तर पुरावा आहे की. वजन पडल्यावर जे दाबून गप्प बसतं ते शोधा. शॉकअप नाही, स्प्रिंग.

कंदीपेढा (सातारा)
द्राक्षबाग, पाया पडतो.

आज गाडी उचलली. डावी स्प्रिंग हातानं गोल फिरत होती, जात्याच्या खुंट्यासारखी. तिच्या खाली जे रबर असतं ते झिजून अर्धं उरलेलं, एका बाजूला चिरलेलं आणि स्प्रिंगचं शेवटचं टोक थेट पत्र्यावर. तिथला रंग जाऊन रुपयाएवढा डाग आरशासारखा चकचकीत झालेला. गाडी रिकामी असली की टोक उचलायचं-आपटायचं, माणसं बसली की दाबून धरलं जायचं. दोन्ही बाजूची रबरं मिळून २८० रुपये, मजुरी मिस्त्रीनं घेतली नाही, मीही आग्रह केला नाही.

संध्याकाळी गोडोली-शाहूपुरी तीन चकरा मारल्या, टक्-टक् गेलं. पण मागून आता 'ठण' यायला लागलं. थांबून डिकी उघडली तर काढलेले जुने शॉकअप मिस्त्रीनं त्या दिवशी तसेच आत टाकून दिलेले.