प्रेक्षक नव्हते म्हणून नव्हे

'प्रेक्षक मिळाले नाहीत म्हणून अरीना फुटबॉल लीग बुडाली' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. (बंदिस्त सभागृहात खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलबद्दल बोलतोय, सॉकर नव्हे.) १९८७ ला सुरू झालेल्या या लीगचा २००९ चा हंगाम रद्द झाला, २०१० ला ती परत आली, २०१९ ला पुन्हा दिवाळं. २००० नंतर एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगमधल्या संघांचे मालकही यात उतरले आणि खर्च फुगला. तिकिटावर चालणाऱ्या धंद्याला तो झेपणं अवघडच.

मूळ कल्पना काटकसरीची होती. आइस हॉकीच्या २०० × ८५ फुटी रिंकवर कृत्रिम गवताची गालिचापट्टी अंथरायची, कडेच्या फळ्यांना गाद्या बांधायच्या, आठ-आठ खेळाडू. मैदान ५० यार्ड. पण सभागृहाचं भाडं, प्रवास आणि खेळाडूंचा दुखापत-विमा हे खर्च खुर्च्या रिकाम्या असल्या तरी चुकत नाहीत. विम्याचा हप्ता थकला की हंगाम मध्येच बंद पडतो.

गोलखांबांशेजारच्या ज्या जाळ्यांवर चेंडू आपटून परत खेळात येतो, त्यांवर २००७ पर्यंत अरीना लीगचं पेटंट होतं. म्हणून तोवर इतर लीगना जाळ्यांविनाच खेळावं लागलं.

जाळ्यांविना खेळणारी अशीच एक म्हणजे इंडोअर फुटबॉल लीग. २००८ मध्ये दोन छोट्या लीग एकत्र येऊन ती झाली, २००९ पासून खेळतेय आणि अजून उभी आहे. उलट २०२४ ला अरीनाचं नाव घेऊन १६ संघांनिशी उतरलेली नवी लीग पहिल्या महिन्यातच विस्कटली. १६ संघ एकदम? तिथेच चुकलं.